जन्म रानात गेला, सातबाऱ्यावर नाव कधी लागणार?

पुणे जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात सत्तरीच्या पुढच्या बाईला विचारा, "आजी, रान किती तुमचं?" ती हात लांब करून दाखवेल: त्या चिंचेपासून खाली ओढ्यापर्यंत. कोणत्या तुकड्यात पाणी साचतं, कोणत्या बांधावरून भावकीत भांडण झालं, विहिरीला पाणी कितव्या परसाला लागलं, सगळं तिला तोंडपाठ असतं. त्याच रानाचा जुना उतारा काढला तर आधी सासऱ्याचं नाव दिसतं, मग नवऱ्याचं. तिचं नाव आलंच तर नवरा गेल्यावर, आणि पुष्कळदा तेही काही दिवसांत कमी होतं.

हे असं का होतं, कायदा तिला नेमकं काय देतो आणि कधी देतो, ते इथे सोप्या भाषेत सांगायचं आहे. विषय किचकट आहे, कारण बाई तीच असली तरी लेक, सून, बायको, विधवा आणि म्हातारी आई या प्रत्येक टप्प्यावर तिचा हक्क वेगळा ठरतो.

पहिल्यांदा कागद समजून घेऊ. सातबारा म्हणजे गाव नमुना 7 आणि गाव नमुना 12 यांचा एकत्र उतारा. सातमध्ये जमीन कोणाच्या नावावर, किती क्षेत्र, बोजा कोणाचा, इतर हक्क कोणाचे हे असतं. बारामध्ये कोणतं पीक किती क्षेत्रावर आहे ते. एका माणसाच्या नावावरची गावातली सगळी जमीन 8अ वर दिसते. नाव बदललं की त्याची नोंद आधी नमुना 6 मध्ये, म्हणजे फेरफारात पडते. सातबारा हा महसुली कागद आहे, मालकीचं अंतिम प्रमाणपत्र नव्हे. मालकीचा वाद दिवाणी कोर्टातच सुटतो. मात्र उलट सिद्ध होईपर्यंत उताऱ्यावरची नोंद खरी धरायची असं महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 सांगते. त्यामुळे व्यवहारात बँक, सोसायटी, कारखाना, भूसंपादन अधिकारी सगळे त्याच कागदाकडे बघतात.

आपल्याकडे शेतकरी कोण हे काम बघून ठरत नाही, कागद बघून ठरतं, आणि सगळा गुंता तिथूनच सुरू होतो. मावळ-मुळशीत गुडघाभर चिखलात भाताची लावणी करणारी, खेड-मंचरकडे कांदा काटणारी, पहाटे गोठ्यात धारा काढणारी बाई सरकारदरबारी शेतकऱ्याची बायको असते. 2015-16 च्या कृषी गणनेत देशातल्या वहिवाटदार खातेदारांत बायका होत्या सुमारे 14 टक्के. 2007 च्या राष्ट्रीय शेतकरी धोरणाने शेतकरी कोणाला म्हणायचं याची व्याख्या रुंद केली, पण धोरण म्हणजे कायदा नव्हे. डॉ. एम. एस. स्वामिनाथन यांनी राज्यसभेत महिला शेतकरी हक्कांचं खासगी विधेयक मांडलं होतं. प्रत्यक्ष शेती करणाऱ्या बाईला, जमीन नावावर असो वा नसो, शेतकरी असल्याचा दाखला मिळावा असं त्यात होतं. ते पारित झालं नाही.

आज सत्तरीत असलेल्या बाईचं आयुष्य डोळ्यांसमोर आणा. जन्म 1955 च्या आसपासचा. लग्न बहात्तरच्या दुष्काळाच्या आगेमागे. तेव्हा मुलीच्या लग्नाचं कायदेशीर वय 15 होतं, ते 18 झालं 1978 मध्ये. शिरूर, दौंड, इंदापूर, बारामती या कोरडवाहू पट्ट्यातल्या कितीतरी बायकांनी त्या दुष्काळात सुकडी खाऊन खडी फोडली. त्या कामाच्या हजेरीपटावर त्यांची नावं होती, कारण मजुरी द्यायची तर नाव लिहावंच लागतं. घरच्या रानात त्याच बायका नंतर पन्नास वर्षं राबल्या. घरच्या कामाला हजेरीपट नसतो.

माहेरचा वाटा

लेक म्हणून तिचा हक्क काय, याचं उत्तर तिच्या हयातीत तीनदा बदललं. 17 जून 1956 ला हिंदू वारसा कायदा लागू झाला तेव्हा बापाच्या वाट्यात मुलगी वारस ठरली. मात्र वडिलोपार्जित जमिनीत जन्माने हिस्सा फक्त मुलग्यांना होता. महाराष्ट्राने 22 जून 1994 पासून मुलींनाही जन्मसिद्ध हिस्सा दिला, पण त्या तारखेपूर्वी लग्न झालेल्या मुलींना वगळून. म्हणजे आपली ही आजी त्यातून बाहेर राहिली. मग 9 सप्टेंबर 2005 ची केंद्राची दुरुस्ती आली. तिने लग्नाची अट काढली. तरी वडील त्या दिवशी हयात हवेत की नकोत यावर कोर्टांत मतभेद होते. सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात 11 ऑगस्ट 2020 ला तो मिटवला: मुलीचा हिस्सा जन्माने येतो, वडील 2005 ला जिवंत असण्याची गरज नाही. फक्त 20 डिसेंबर 2004 च्या आधी रीतसर झालेल्या वाटण्या आणि विक्री उकरून काढता येत नाहीत.

मग कायदा एवढा स्पष्ट असताना बायका वाटा का घेत नाहीत? माहेर तुटेल या भीतीने. ती भीती मला खोटी वाटत नाही. सासरी काही वाईट घडलं तर जायला एकच दार असतं, आणि ते भावाचं असतं. ते दार उघडं राहावं म्हणून ती हक्कसोडपत्रावर सही करते. तिच्या या हिशेबाला नावं ठेवायचा अधिकार आपल्याला नाही. पण सही करण्याआधी आपण काय सोडतोय, ते तिला कोणीतरी एकरांत आणि गुंठ्यांत सांगायला हवं.

नवरा हयात असताना

हा टप्पा सगळ्यात लांब, चाळीस-पन्नास वर्षांचा, आणि नेमका याच काळात कायदा सगळ्यात गप्प आहे.

नवऱ्याच्या वडिलोपार्जित जमिनीत बायकोला जन्माने किंवा लग्नाने हिस्सा मिळत नाही. ती एकत्र कुटुंबाची सदस्य असते, हिस्सेदार नसते. "माझा वाटा वेगळा काढा" असं ती मागू शकत नाही. नवऱ्याने स्वतः घेतलेली जमीन तर तो हयात असेपर्यंत पूर्ण त्याची. तिला पोटगीचा आणि राहण्याचा हक्क आहे, जमिनीचा नाही.

यात एक महत्त्वाची गोष्ट मात्र बहुतेकांना ठाऊक नसते. आपल्याकडे जी हिंदू कायद्याची परंपरा चालते तिच्यात बाप आणि मुलं यांची वाटणी झाली की आईला एका मुलाइतका वाटा मिळतो. ती वाटणी मागू शकत नाही, पण वाटणी झालीच तर तिचा हिस्सा काढावा लागतो. गावात वाटणीपत्र लिहिताना काय होतं ते पाहा. बाप आणि दोन मुलं बसतात, जमिनीचे तीन भाग होतात, "आई धाकट्याकडं राहील" असं तोंडी ठरतं. तिचा चौथा भाग कागदावर येतच नाही. मुलींचे हिस्सेही आता धरावे लागतात, पण तेही तसेच राहून जातात.

नाव नसल्याची किंमत रोजच्या व्यवहारात मोजावी लागते. जमीन नावावर नाही म्हणून विकास सोसायटीची सभासद होता येत नाही, मग पीककर्जही तिच्या नावे मिळत नाही आणि सोसायटीच्या निवडणुकीत मतही नाही. साखर कारखान्याचा ऊस उत्पादक सभासद व्हायचं तर तिथेही उतारा लागतो. बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात कारखान्याचा सभासद असणं म्हणजे गावच्या राजकारणात शब्द असणं. तिथे तिचा शब्द नाही. 2021 पासून पीकपेरा ई-पीक पाहणीतून मोबाइलवर नोंदला जातो, तोही खातेदाराच्या खात्यावर. आणि आता शेतकरी ओळख क्रमांक आला आहे, तो सातबाऱ्याशी आणि आधारशी जोडलेला. एकेक योजना त्या क्रमांकावर चालू लागली आहे, त्यामुळे ज्याचं नाव उताऱ्यावर नाही तो माणूस पूर्वीपेक्षा जास्त बाहेर पडतोय. एक अपवाद सांगायला हवा: शेतकरी अपघाताच्या राज्याच्या गोपीनाथ मुंडे योजनेत खातेदाराबरोबर कुटुंबातला खातेदार नसलेला एक सदस्यही धरला जातो आणि अपघाती मृत्यूला 2 लाख रुपये मिळतात. सर्पदंश, विजेचा धक्का, विहिरीत पडणं हे सगळं त्यात येतं. बाई रानात सापाच्या दंशाने गेली आणि "तिच्या नावावर जमीन नव्हती" म्हणून घरच्यांनी अर्जच केला नाही, असं होऊ नये.

पुणे जिल्ह्यात मात्र सगळ्यात मोठी किंमत भूसंपादनात मोजली जाते. चाकणची एमआयडीसी झाली, रिंगरोड चालू आहे, पुरंदरच्या विमानतळासाठी पारगाव, खानवडी, मुंजवडी, एखतपूर, कुंभारवळण, वनपुरी, उदाचीवाडी ही सात गावं आहेत. जमीन जाते तेव्हा नोटीस उताऱ्यावरच्या नावाने येते, संमतीची सही त्याची, मोबदलाही त्याच्या खात्यात. ज्या अंजिराच्या, सीताफळाच्या बागेला तिने उन्हाळ्यात हंड्याने पाणी घालून जगवलं, तिच्या बदल्यात आलेल्या पैशांतून गाडी घ्यायची, बंगला बांधायचा की दुसरीकडे रान घ्यायचं, हे ठरवताना तिला विचारलं जातं ते घरच्यांच्या मनावर. जमीन असताना निदान ती रानात उभी असते, तिला कोणी हटकत नाही. जमिनीचे पैसे झाले की तिचा तेवढाही ताबा उरत नाही.

लक्ष्मीमुक्ती

यावर एक उपाय याच जिल्ह्याने राज्याला दिला, आणि तो आज विसरल्यासारखा झाला आहे याचं मला मनापासून वाईट वाटतं.

शरद जोशींनी चाकणजवळच्या आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेऊन शेती सुरू केली आणि तिथून शेतकरी संघटना उभी राहिली. कांद्याच्या भावाचं आंदोलन सगळ्यांना आठवतं. 1986 च्या नोव्हेंबरात नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला संघटनेचं बायकांचं प्रचंड अधिवेशन भरलं. त्यानंतरच्या काही वर्षांत लक्ष्मीमुक्तीची मोहीम निघाली. मागणी साधी होती: शेतकऱ्याने आपल्या जमिनीचा काही भाग राजीखुशीने बायकोच्या नावे करावा. ज्या गावात शंभर जणांनी तसं केलं, तिथे जोशी स्वतः जात. शेतीमालाला घामाचं दाम मागायचं तर घरातल्या घामाचं देणं आधी फेडलं पाहिजे, असा त्यामागचा विचार होता. मला तो आजही पटतो.

1992 मध्ये महसूल विभागाने त्यासाठी परिपत्रक काढलं. नवऱ्याने अर्ज करायचा, तलाठ्याने फेरफार घ्यायचा आणि बायकोचं नाव सहधारक म्हणून सातबाऱ्यावर लावायचं. अर्ज नवऱ्यानेच करावा लागतो, बायकोला तो करता येत नाही. (तलाठ्यांचं पदनाम 2024 पासून ग्राम महसूल अधिकारी झालं आहे. गावात ते अजून भाऊसाहेबच आहेत.)

यातली मर्यादाही सांगतो. सहधारक म्हणून नाव लागणं ही महसुली नोंद आहे. तिच्यामुळे परस्पर विक्री अवघड होते, कारण घेणाऱ्याला तिची सही लागते. पण पक्की मालकी हवी असेल तर नोंदणीकृत बक्षीसपत्र किंवा वाटणीपत्र करावं. नवरा-बायकोतल्या शेतजमिनीच्या बक्षीसपत्राला मुद्रांक शुल्क अगदी नाममात्र आहे. जमीन दोघांच्या नावे आली म्हणून पीएम-किसानचे वर्षाचे 6,000 रुपये दोनदा मिळत नाहीत, तिथे नवरा, बायको आणि अज्ञान (अठरा वर्षांखालची) मुलं हे एकच कुटुंब धरतात. पैशांच्या आशेने नाव लावायला कोणी सांगत असेल तर ते चुकीचं आहे. नाव लावायचं ते हक्कासाठी.

कुंकू पुसल्यावर

बाईचं लग्न कमी वयात आणि नवऱ्याशी अंतर पाच-सात, कधी दहा वर्षांचं. शिवाय बायका साधारणपणे पुरुषांपेक्षा जास्त जगतात. म्हणून शेतकरी बाईच्या आयुष्यातली वीस-पंचवीस वर्षं वैधव्यात जाणं ही गावात नेहमीची गोष्ट आहे. आणि इथे, नवऱ्याच्या मृत्यूनंतर, कायदा पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघतो.

मृत्युपत्र नसेल तर नवऱ्याच्या स्वतःच्या मालकीच्या जमिनीत पहिल्या फळीचे वारस समान वाटा घेतात: बायको, प्रत्येक मुलगा, प्रत्येक मुलगी, आणि त्याची आई हयात असेल तर तीही. मुलगा आधी वारला असेल तर त्याचा वाटा त्याच्या बायको-मुलांना. बाप पहिल्या फळीत नाही, आई आहे. तरुण मुलगा गेला तर त्याची म्हातारी आई आणि त्याची बायको, दोघी बरोबरीच्या वारस होतात. घरात भांडण लागतं ते इथेच.

वडिलोपार्जित जमिनीचा हिशेब जरा वेगळा आहे. तो समजायला सांगलीच्या एका खटल्यासारखं दुसरं उदाहरण नाही.

खंडाप्पा मगदूम 1960 मध्ये वारले. मागे बायको हिराबाई, दोन मुलगे आणि तीन मुली. हिराबाईंनी 1962 मध्ये सांगलीच्या कोर्टात दावा लावला: मला माझा हिस्सा काढून द्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि 1978 मध्ये न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड यांनी निकाल दिला. चंद्रचूड पुण्यात जन्मलेले, तेव्हा भारताचे सरन्यायाधीश. निकाल हिराबाईंच्या बाजूने लागला.

हिशेब असा. समजा जमीन 24 एकर आहे. खंडाप्पा वारण्याच्या क्षणी वाटणी झाली असं आधी मानायचं. त्या काळच्या कायद्याने ती वाटणी चौघांत होईल: खंडाप्पा, दोन मुलगे आणि हिराबाई. प्रत्येकाला 6 एकर. आता खंडाप्पांचे 6 एकर त्यांच्या सहा वारसांत वाटायचे, एकेकाला 1 एकर. म्हणजे हिराबाईंचे 6 अधिक 1, एकूण 7 एकर. मुलांचं म्हणणं असं होतं की आईला फक्त तो शेवटचा 1 एकर मिळेल. 7 आणि 1 यांतलं अंतर मिटवायला तिला पंधरा वर्षं कोर्टात जावं लागलं.

तीच वाटणी आज झाली तर? आता मुलीही हिस्सेदार. म्हणून सात भाग पडतील: नवरा, बायको, दोन मुलगे, तीन मुली. नवऱ्याचा सातवा भाग पुन्हा सहा वारसांत जाईल. शेवटी सहाही जणांना बरोबर सहावा हिस्सा, म्हणजे 4-4 एकर. आईचे तीन एकर कमी झाले, मुलीचा एक एकर होता तो चार झाला. मला हा हिशेब न्याय्य वाटतो. तो तोंडी सांगितला तर गावातल्या कोणालाही कळतो, पण वारस नोंदीच्या वेळी सांगतं कोण?

विधवेच्या हातात आलेली जमीन पूर्णपणे तिची असते. जुन्या काळात तिला "हयातभर खायचं, विकायचं नाही" एवढाच अधिकार होता. 1956 च्या कायद्याच्या कलम 14 ने तो काळ संपवला. ती विकू शकते, गहाण ठेवू शकते, मृत्युपत्र करू शकते, लेकीला देऊ शकते. दुसरं लग्न केलं तरी नवऱ्याकडून आलेला हिस्सा जात नाही. मात्र नवऱ्याने मृत्युपत्रात "पत्नीने हयातीपर्यंत उपभोग घ्यावा" असं लिहून ठेवलं असेल, तर तेवढाच अधिकार मिळण्याचा धोका असतो. मृत्युपत्र लिहून घेताना हे एक वाक्य नीट वाचा. अनेक नमुन्यांत ते सवयीने येतं.

तेराव्याच्या आसपासची ती सही

वारस नोंदीची पद्धत अशी. मृत्यूची खबर तीन महिन्यांत तलाठ्याला द्यायची. मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, रेशनकार्ड, उतारे जोडायचे. हल्ली ई-हक्क प्रणालीतून ऑनलाइनही अर्ज होतो. आधी वारसांची नोंद नमुना 6क मध्ये, चौकशी, मग फेरफार, हितसंबंधितांना नोटीस, हरकतीला पंधरा दिवस, आणि मंडळ अधिकाऱ्याने नोंद मंजूर केली की नाव सातबाऱ्यावर. 2025 मध्ये राज्याने "जिवंत सातबारा" मोहीम घेऊन मेलेल्या खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावायला सुरुवात केली. कैक उताऱ्यांवर आजोबांचं किंवा एकत्र कुटुंबाचा कर्ता म्हणून एकट्या थोरल्याचं नाव तसंच राहिलेलं होतं. जुन्या नोंदींत विधवेचं आणि बहिणींचं नाव मूळ खातेदारांत न लावता "इतर हक्क" या रकान्यात टाकायची रीत होती. आपल्या आईचं, आजीचं नाव तिथे दिसलं तर ते मुख्य रकान्यात घ्यायचा अर्ज करा.

आता नेमकं काय घडतं ते जवळून बघू. घरात सुतक संपलेलं असतं, पाहुणे निघून गेलेले असतात. थोरला मुलगा तालुक्याहून कागद करून आणतो. "आई, इथं अंगठा कर. नावं कमी केली की सोसायटीचं कर्ज लवकर होतंय. तुला काय करायचंय नाव ठेवून, आम्ही हाय की." तिला कागद वाचून कोणी दाखवत नाही. तिला वाटतं ही वारस नोंदच आहे. पण वारस नोंद आणि हक्कसोडपत्र हे दोन वेगळे कागद आहेत. पहिल्याने नाव लागतं, दुसऱ्याने ते कायमचं निघतं. नोंदणीकृत हक्कसोडपत्र नंतर रद्द करायचं तर फसवणूक किंवा दबाव कोर्टात सिद्ध करावा लागतो, आणि पोटच्या पोराविरुद्ध तसं शपथेवर सांगायला बाई उभी राहत नाही.

मुलगा वाईट असतो असं मला म्हणायचं नाही. कर्जाचं कारण पुष्कळदा खरं असतं, आईला तो सांभाळतोही. पण तो उद्या अपघातात गेला, तर ती सून-नातवंडांच्या मर्जीवर येते. तिचं नाव उताऱ्यावर असेल तर तिला विचारल्याशिवाय जमीन विकता येत नाही, आणि म्हातारपणी माणसाला कोणीतरी विचारावं लागतं ही गरज औषधाइतकी खरी आहे.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: नवरा वारल्यावर पहिल्या वर्षात बाईने हक्कसोडपत्र करू नये. आधी नाव लागू द्यावं. लेकींनी आणि शिकलेल्या नातवंडांनी हे काम अंगावर घ्यावं. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात सहीआधी आजीला बाजूला घेऊन कागद मोठ्याने वाचून दाखवावा, आणि वाचणारा त्या जमिनीतला वाटेकरी नसावा.

नोंद चुकीची झाली, नाव वगळलं, तर प्रांताकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याकडे, 60 दिवसांत अपील करता येतं. हिश्शाचाच वाद असेल तर दिवाणी कोर्ट.

हात थकल्यावर

काही बायका आपला हिस्सा मुलाच्या नावे बक्षीस देतात आणि मग ताटात भाकरी टाकायला सुनेचं तोंड बघावं लागतं. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायद्यात यावर तोड आहे. बक्षीसपत्र करताना "आईचा सांभाळ, दवाखाना, खाणंपिणं करावं" ही अट कागदात लिहिली असेल आणि मुलाने ती मोडली, तर प्रांताकडच्या न्यायाधिकरणाला ते बक्षीसपत्र रद्दबातल ठरवता येतं. अट तोंडी ठेवू नका, कागदात घाला. जमीन दिली असो वा नसो, मुलांकडून निर्वाहखर्च मागण्याचा अर्जही तिथेच करता येतो. वकील लागत नाही.

तिच्या पश्चात तिची जमीन आधी मुलं, मुली आणि नवरा हयात असेल तर तो, यांना समान जाते. मूलबाळ नसेल तर मात्र जमीन कुठून आली ते बघितलं जातं: माहेरची असेल तर वडिलांच्या वारसांकडे, सासरची असेल तर नवऱ्याच्या वारसांकडे. स्वतः घेतलेली असेल तरी आधी नवऱ्याचे वारस येतात, माहेरचे नंतर. निपुत्रिक बाईने शेवटपर्यंत भाचीने सांभाळलं म्हणून भाचीला द्यायचं ठरवलं असेल, तर मृत्युपत्र केल्याशिवाय ते होणार नाही.

हे सगळं हिंदू, बौद्ध, जैन, शीख कुटुंबांना लागू आहे. मुस्लिम कुटुंबांत वारसाचे नियम वेगळे आहेत. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातल्या महादेव कोळी, ठाकर, कातकरी या अनुसूचित जमातींनाही हिंदू वारसा कायदा थेट लागत नाही, तिथे रूढी बघितली जाते. रूढीने बाईला वगळलं आहे असं सिद्ध होत नसेल तर तिला समान वाटा द्यावा, असा कल सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये दाखवला आहे. या पट्ट्यातल्या बायकांनी वारस नोंदीआधी सल्ला जरूर घ्यावा.

एक अडचण जवळपास प्रत्येकीला येते, ती नावाची. लग्नात नाव बदललेलं, म्हणून माहेरच्या फेरफारात एक नाव, आधारवर दुसरं, रेशनकार्डावर तिसरं. कुठे "बाई" लागलंय, कुठे नाही. मृत्यूच्या दाखल्यावर नवऱ्याचं घरचं नाव आणि उताऱ्यावर पाळण्यातलं. ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं प्रतिज्ञापत्र करून, शाळेचा दाखला किंवा पोलीस पाटलाचा दाखला जोडून ठेवावा. हे काम नवरा-बायको दोघं हयात असताना केलं तर एका खेपेत होतं.

आणि वकिलाच्या फीची काळजी असेल तर हे लक्षात ठेवा: 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने कोणत्याही बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो. त्यासाठी पुण्यात शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती आहे. जाताना सातबारा, 8अ, आणि मिळतील तेवढे जुने फेरफार घेऊन जा. आजीलाही बरोबर न्या, कारण कोणता तुकडा कोणाकडून कधी आला, हे बहुतेक वेळा तिलाच आठवत असतं.